कोकम, जांभूळ, आवळा, गवती चहा : कोल्हापुरात घरच्या घरी फळांचा आणि वनस्पतींचा कोंबुचा

कोंबुचा म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं आंबट-गोड पेय. त्यात कोकम घालायचं, आवळा की तुळस, हा प्रश्न दुसऱ्या आठवड्याचा. पहिल्या आठवड्यात बरणीत पाणी, चहा, साखर आणि मदर, म्हणजे चहा आंबवणारा जिवंत पापुद्रा आणि त्याचं आंबट पाणी, एवढंच जायला हवं. घरचा कोंबुचा फसतो तो बहुतेक वेळा इथेच. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी आलं ठेचून टाकलं जातं, तुळशीची चार पानं पडतात, वर फळाच्या फोडी तरंगायला लागतात. तुळस, लवंग, दालचिनी, गवती चहा यांच्यातली सुगंधी तेलं जंतूंना आवर घालतात आणि कोंबुचा तर जंतूंच्याच जोरावर तयार होतो. शिवाय तरंगणारी फोड म्हणजे बुरशीला आयतं निमंत्रण. म्हणून दोन टप्पे मनात आणि स्वयंपाकघरातही वेगळे ठेवा : आधी साधा, आंबट-गोड कोंबुचा, तो गाळून बाटलीत भरताना मग आपल्या मुलखातली सगळी चव.

आंबवलेलं पेय आपल्याला परकं नाही. उन्हाळ्यात नाचणीची आंबील कितीतरी घरांत होते आणि मार्गशीर्षात रेणुकेच्या यात्रेला कोल्हापुरात आंबिलीचाच नैवेद्य असतो. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं हीसुद्धा आंबवूनच होतात. अरिष्टात वनस्पतींचा काढा असतो, आसवात बहुधा काढा न करता रस किंवा पाणी वापरतात. दोन्हींत गूळ किंवा मध पडतो आणि आंबवण्यासाठी सह्याद्रीत उगवणाऱ्या धायटीची लाल फुलं. मात्र एक फरक पक्का लक्षात ठेवा. द्राक्षासव किंवा कुमारी आसव ही मात्रेत घ्यायची औषधं आहेत आणि त्यांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल १२ टक्क्यांपर्यंत असू शकतं. कोंबुचा हे पेय आहे. त्यात आवळा घातला म्हणून ते आयुर्वेदातलं रसायन, म्हणजे शक्तिवर्धक औषध, होत नाही आणि तुळस घातली म्हणून सर्दीचं औषध होत नाही. चवीसाठी, बाटलीतल्या रंगीत सरबताला आणि कोल्ड्रिंकला घरचा पर्याय म्हणून ते करावं. तेवढं कारण पुरेसं आहे.

आत काय चालतं

गोड चहात यीस्ट साखर फोडतं, त्यातून थोडं अल्कोहोल आणि कर्बवायू तयार होतो. ते अल्कोहोल दुसऱ्या जातीचे जिवाणू हवेतला प्राणवायू घेऊन आम्लात बदलतात. हेच जिवाणू पृष्ठभागावर सेल्युलोजचा पापुद्रा विणतात. त्यालाच मदर किंवा स्कोबी म्हणतात. हातात घेतली तर शहाळ्यातल्या जाड मलईसारखी लागते, फक्त चिवट आणि आंबूस वासाची. खालून तपकिरी दोरे लोंबतात. ते यीस्टचे असतात, घाण नव्हे. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते : खरा जोर मदरपेक्षा तिच्याभोवतीच्या आंबट पाण्यात असतो. मदर देणाऱ्याने ती कोरडी दिली तर घेऊ नका. निदान पाव लिटर मुरलेला कोंबुचा सोबत मागून घ्या. ओळखीत कुणाकडे नसेल तर पाश्चराइज न केलेली, बिनचवीची विकतची बाटली आणून तिच्यात थोडा गार गोड चहा मिसळून ठेवा. दोन ते चार आठवड्यांत पातळ पापुद्रा धरतो.

सामान

तीन लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. घरातली लोणच्याची चिनीमातीची बरणी कितीही जुनी आणि लाडकी असली तरी तिला हात लावू नका. जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि कोंबुचाचं आम्ल ते दिवसेंदिवस बाहेर ओढत राहतं. ऑस्ट्रेलियात चिनीमातीच्या भांड्यात केलेल्या कोंबुचामुळे शिशाची विषबाधा झाल्याची नोंद आहे. तांबं, पितळ, ॲल्युमिनियमही बाद. चहा उकळायला स्टीलचं पातेलं आणि गाळायला स्टीलची गाळणी चालते, कारण तिथे संपर्क थोडा वेळच येतो.

झाकायला घट्ट विणीचं कापड लागतं. चहाची गाळणी किंवा विरळ मलमल यांतून चिलटं सहज आत जातात आणि अंडी घालतात. धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराची दुहेरी घडी उत्तम, वरून रबर. झाकण लावायचं नाही, कारण जिवाणूंना हवा लागते.

त्याशिवाय पीएच पट्ट्या आणा. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात आणि महाग नसतात. नाकाचा अंदाज अनुभवाने येतो. नवख्याने पट्टीवरच भरवसा ठेवावा.

पहिला टप्पा : साधा कोंबुचा

प्रमाण असं : पाणी २ लिटर, साखर १५० ग्रॅम, चहा १२ ते १५ ग्रॅम, मुरलेला कोंबुचा ३०० मिली आणि एक मदर.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून पाणी झाकण न ठेवता चांगलं उकळा. गॅस बंद करून चहा घाला, दहा मिनिटांनी गाळा. पानांचा काळा चहा सगळ्यात चांगला. आपल्या घरात असते ती बारीक पावडर घेतली तर बारा ग्रॅमच्या वर जाऊ नका, चव तुरट होते आणि तळाशी गाळ साचतो. मसाला चहाची पुडी तर नकोच. साखर गरम चहातच विरघळवा.

इथे कोल्हापूरकराचा हात गुळाकडे जाणारच. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे. गुळातही कोंबुचा होतो. पण गुळात साखरेशिवाय खनिजं आणि इतर घटक असतात, प्रत्येक ढेप वेगळी असते, यीस्ट जोर करतं आणि रंग इतका गडद होतो की आतलं काही दिसत नाही. म्हणून मूळ बरणी साखरेवरच चालू द्या. गूळ दुसऱ्या टप्प्यात घाला, तिथे तो खरोखर शोभतो.

चहा पूर्ण गार होऊ द्या. बोट बुडवल्यावर कोमटही लागता कामा नये, कारण गरम चहा मदरला मारतो. मग बरणीत चहा, त्यात मुरलेला कोंबुचा, वर मदर. ती तरंगली, बुडाली किंवा तिरकी राहिली तरी फरक पडत नाही. आता पट्टी बुडवून बघा. पीएच ४.५ किंवा त्याहून कमी हवा. जास्त असेल तर आणखी मुरलेला कोंबुचा घाला. हा आकडा हलक्यात घेऊ नका : सुरुवातीचं हे आंबटपणच पहिले दोन-तीन दिवस नको ते जंतू बाहेर ठेवतं.

बरणी उन्हापासून, गॅसच्या शेगडीपासून आणि फळांच्या टोपलीपासून लांब ठेवा. तिला २४ ते २९ अंश मानवतात. एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरची दुपार याच्या बरीच वर जाते, तेव्हा घरातली सर्वांत गार खोली शोधा आणि पाचव्या दिवसापासून चव घ्या. पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात. हवेत ओल असते, बुरशीचा धोका तेव्हाच जास्त, म्हणून मुरलेल्या कोंबुचाचं प्रमाण थोडं वाढवा. थंडीत रात्री पारा उतरला की बारा-चौदा दिवसही जातात. घाई करून बरणी उन्हात ठेवण्यापेक्षा भोवती जाड टॉवेल गुंडाळा.

चव घेताना मदर बाजूला सारून स्वच्छ स्ट्रॉने थोडा रस काढा. सुरुवातीला नुसता गोड चहा लागतो, मग एका दिवशी जिभेच्या कडांना चुरचुर जाणवते आणि वास हिरव्या सफरचंदाकडे झुकतो. पीएच २.५ ते ३.५ च्या दरम्यान आला की पहिला टप्पा झाला. पुढे आंबट फळ घालणार असाल तर थोडा गोडसर असतानाच थांबा. आंबा, पेरूसारखं गोड फळ असेल तर आणखी दिवसभर मुरू द्या.

गाळण्याआधी वरचा ३०० मिली रस आणि मदर वेगळी काढून ठेवा. पुढच्या खेपेचं हे विरजण. फळाचा किंवा काढ्याचा कोंबुचा पुन्हा मूळ बरणीत कधीही ओतायचा नाही. वर्षानुवर्षं एकच मदर निरोगी ठेवणाऱ्यांचा हाच एक नियम असतो.

बुरशी ओळखणं

बुरशी नेहमी पृष्ठभागावर, कोरडी आणि लवदार असते. पांढरी, हिरवी, काळी, बहुतेकदा गोल ठिपक्यांत. नवी मदर धरताना दिसणारा ओला, चकचकीत, दुधट थर म्हणजे बुरशी नव्हे. शंका आली तर दोन दिवस थांबा : मदर जाड होते, बुरशीला लव फुटते. बुरशी असेल तर सगळं ओतून द्या, मदरसकट. वरचा थर काढून खालचं वापरणं नाही, मदर धुऊन घेणं नाही. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन नव्याने सुरुवात करा.

दुसरा टप्पा : चव

खालची सगळी प्रमाणं एक लिटर साध्या कोंबुचाला आहेत.

कोकमापासून सुरुवात करा, कारण ते घाटाखालून बारा महिने येतं आणि बिघडत नाही. पण दुकानात नीट विचारून घ्या. आगळात मीठ असतं, सोलकढीची आमसुलंही बहुधा मिठाची असतात आणि अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. आपल्याला बिनमिठाची सुकी कोकमं हवीत. सात-आठ कोकमं अर्धी वाटी गरम पाण्यात तासभर भिजवून कुस्करा, गार झाल्यावर गाळा, त्यात दोन चमचे किसलेला गूळ विरघळवा आणि आल्याचे तीन-चार पातळ काप बाटलीत टाका. चहाचा तांबूस रंग माणकासारखा लाल होतो. कोकम मुळात खूप आंबट, म्हणून साधा कोंबुचा गोडसर असतानाच उतरवलेला हवा, नाहीतर घशाला झोंबतो. गूळ काळसर तांबडा घ्या. पिवळाधमक, पांढुरका गूळ हायड्रॉस हे रसायन घालून उजळलेला असू शकतो.

करवंदं आणि जांभळं यांचा काळ थोडा. वैशाखात पन्हाळा, राधानगरी, आजरा या बाजूंनी करवंदांच्या पाट्या शहरात येतात, मृगाच्या आगेमागे जांभळं. जांभळाच्या बिया काढून मूठभर गर हाताने चुरडा, मिक्सर नको. सोबत तुळशीची पाच-सहा पानं, तीही बाटलीत एक दिवसच, मग गाळून काढा. जांभळाचा तुरटपणा आणि तुळशीचा लवंगेकडे झुकणारा वास यांची जोडी मला सर्वांत आवडते. करवंदं पिकलेली, काळी घ्या आणि चीक नीट धुऊन काढा.

आवळा थंडीतला. दोन आवळे किसून पिळलेला रस, एक चमचा आल्याचा रस, दोन चमचे गूळ. आवळ्याचा चोथा बाटलीत टाकू नका, कडवटपणा येतो. याच दिवसांत भाजीबाजारात अंबाडीची लाल बोंडं येतात. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत दिसली की सोडू नका. पाकळ्यांसारखा लाल भाग सोलून मूठभर घ्या, कपभर पाण्यात दालचिनीच्या छोट्या तुकड्यासोबत पाच मिनिटं उकळा, गार करून गाळून मिसळा. सुंदर रंग, कोकमापेक्षा सौम्य आंबटपणा.

गवती चहा तर परसात किंवा कुंडीत असतोच. सहा-सात पाती कापून कपभर पाण्यात काढा करा. तुळस, पुदिना, गवती चहा या सगळ्यांना हीच पद्धत लागू : कच्चं टाकण्यापेक्षा उकळून गार केलेला दाट काढा अर्धा कप मिसळावा. पानांवरचे जंतू मरतात आणि चव किती उतरली हे भरतानाच कळतं. वाळा मात्र उकळू नका. तो धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात रात्रभर भिजवला की मातीचा तो गार वास येतो. काढ्यात स्वतःची साखर नसते, म्हणून दोन चमचे साखर किंवा गूळ घातल्याशिवाय बुडबुडे धरत नाहीत.

आंबा सगळ्यांना हवा असतो, आणि बाटल्या फुटतात त्याही आंब्याच्याच. हापूस असो वा पायरी, लिटरला तीन-चार चमच्यांपेक्षा जास्त रस घालू नका, चिमूटभर वेलची, वेगळी साखर अजिबात नाही.

सब्जा बाटलीत घालायचा नाही. प्यायच्या वेळी पेल्यात घाला.

आता काष्ठौषधींबद्दल. जुन्या किराणा दुकानात ज्येष्ठमध, अश्वगंधा, हिरडा सहज मिळतं आणि कोंबुचात घालून पाहावंसं वाटतं. ज्येष्ठमधाची गोडी खरंच छान उतरते, पण रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी तो टाळावा. अश्वगंधा थायरॉइडच्या आणि झोपेच्या गोळ्यांच्या आड येऊ शकते, गरोदरपणात तर नकोच. हिरडा पोट साफ करणारा. या वनस्पतींची मात्रा वैद्य माणूस पाहून ठरवतात, आणि आंबवलेल्या बाटलीत कुणाच्या वाट्याला किती उतरलं हे आपल्याला मोजता येत नाही. माझं स्पष्ट मत : आलं, तुळस, गवती चहा, वेलची, दालचिनी ही स्वयंपाकघरातली मंडळी बाटलीत, बाकीची वैद्यांच्या हाती.

बाटली, गॅस आणि सावधगिरी

बंद बाटलीत यीस्ट उरलेली साखर खातं, कर्बवायूला वाट मिळत नाही, दाब चढत जातो. सरबताच्या, सॉसच्या, चौकोनी शोभेच्या बाटल्या हा दाब सोसू शकत नाहीत. काच फुटली तर तुकडे दूरवर उडतात. तारेच्या झाकणाच्या जाड, गोल काचेच्या बाटल्या आंबवण्यासाठीच बनवलेल्या असतील तरच वापरा. नवख्यांसाठी माझा आग्रह सोड्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्यांचा आहे. भरताना वर तीन बोटं जागा सोडा, झाकण घट्ट लावा. रोज सकाळ-संध्याकाळ अंगठ्याने दाबून बघा. बाटली टणक लागली, अंगठा आत जाईना, की तडक फ्रीजमध्ये. काचेच्या बाटल्या भरल्या तरी त्याच खेपेची एक प्लास्टिकची बाटली शेजारी ठेवा. ती टणक झाली की सगळ्याच आत.

उन्हाळ्यात हे चोवीस तासांत होतं, आंब्याचं तर त्याआधीच. थंडीत तीन-चार दिवस लागतात. बाटल्या झाकणाच्या खोक्यात ठेवा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. रात्रभर गार झाल्यावर मोरीत धरून, झाकणावर फडकं टाकून, हळूहळू उघडा. आधी बारीक सुस्कारा, मग फेस वर चढतो. फेस गळ्याशी आला की झाकण परत आवळा, खाली बसू द्या, पुन्हा उघडा. दोन-तीनदा केलं की पेला भरायला हरकत नाही. फ्रीजमध्येही आंबणं मंद गतीने चालूच राहतं, म्हणून दोन आठवड्यांत संपवा.

किती, कुणी

पहिल्यांदा पिणाऱ्याने अर्धा कप, जेवणासोबत, दिवसातून एकदा. उपाशीपोटी नको. अमेरिकेत आयोवा राज्यात १९९५ मध्ये रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन महिला रक्तात आम्ल वाढून गंभीर आजारी पडल्या, त्यांतली एक दगावली. कोंबुचाच कारण होता हे सिद्ध झालं नाही, पण तिथल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने तेव्हा निरोगी माणसाला दिवसाला साधारण १२० मिली बाधत नसावं असं म्हटलं होतं. मी तीच मर्यादा धरते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेले, केमो घेणारे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेले यांनी घरचा कोंबुचा पिऊ नये. मधुमेह असेल तर साखर शिल्लक असते हे लक्षात ठेवा, त्यावर गूळ आणि फळही आहे. पित्ताचा त्रास असणाऱ्यांचं पित्त त्याने वाढेल. तांबड्या रश्श्यावर थंडगार कोंबुचा ही कल्पना छान वाटते, पण तिखट आणि आम्ल एकत्र सगळ्यांना सोसत नाही. प्यायल्यावर पाण्याने चूळ भरा, दातांसाठी.

आणि अल्कोहोल. साध्या कोंबुचात ते अगदी थोडं, पण बंद बाटलीत फळ आणि गूळ घालून जास्त दिवस ठेवला तर अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ शकतं. भारतात अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अर्ध्या टक्क्यापुढचं पेय अल्कोहोलयुक्त धरलं जातं. घरी कुणी माळकरी पाहुणा आला, किंवा व्रतामुळे, धर्मामुळे वर्ज्य असणारं कुणी आलं, तर पेला पुढे करण्याआधी हे सांगा. नाही म्हणणाऱ्यासाठी कोकम सरबत तयार ठेवा. शेजारी-पाजारी विकायचा विचार असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आणि अल्कोहोलची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, त्याआधी नाही.

गावाला जायचं असेल तर मदर मुरलेल्या कोंबुचात बुडवून कापड बांधून ठेवा, महिनाभर निभावते. फ्रीजमध्ये ठेवली तर ती मंदावते आणि पुढच्या खेपेला बुरशी धरायची शक्यता वाढते. परत आल्यावर पहिली खेप लहान करा, लिटरभराची, आणि तिचा पीएच बघूनच मोठ्या बरणीकडे वळा.